खर्जाची जागा

१२ मे, शनिवार

पाळकांनी आज घरी बोलावून चहा पाजला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी शिजतंय. हा माणूस दोनच वेळा चहा पाजतो, कोणी गेलं तर आणि कोणाला घालवायचं असेल तर. म्हणाले, "बाई, चर्चमध्ये वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी उन्हाळी शिबिर आहे. नवचैतन्य शिबिर. मंडळीतर्फे तुमचं नाव दिलंय." मी म्हटलं, "माझ्या चैतन्याला काय धाड भरली?" तर कपातली साय चमच्याने बाजूला सारत बसले. मग हळूच म्हणाले, "क्वायर मोडत चाललाय. खर्जातले दोघंही सोडून गेले. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यापासून गाणी मशीनवर लावावी लागतील. तुम्ही जाऊन या, आल्यावर बोलू."

आल्यावर बोलू म्हणजे काय, ते न कळायला मी कुकुलं बाळ नाही. ऑर्गनच्या बाकावरून मला उठवायचं ठरलंय. हाकलताना आधी बाहेरगावी फिरवून आणायचं, एवढाच यांचा मोठेपणा. लग्न होऊन या गावात आले त्या वर्षापासून मी त्या बाकावर बसते. तो बाक गेला तर रविवारी सकाळी उठायचं कशाला, हे मला कोणी सांगावं.

आणि खर्जातले दोघं म्हणजे कोण, तर टेलरमास्तर आणि तो वायरमन. वायरमनने कामाचं निमित्त काढलं. टेलरमास्तर तेवढंही न करता एका रविवारी क्वायरमधून उठला आणि मागच्या बाकावर जाऊन तोंड मिटून बसला, तो अजून बसलाय. आवाज नव्हताच त्यांना. म्हणून तर आमचे हे वारल्यापासून खर्जाची सगळी ओळ मीच पायांनी वाजवते. ऑर्गनच्या खाली पायांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या असतात, खालचे सूर तिथे. सगळ्यात जाड आवाजाचा खटका ओढते आणि दणदणीत वाजवते. डावा पाय घोट्यापासून दुखतो, पण दुसऱ्या कोणाला पडलीय?

ही डायरी ह्यांची. पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहून सोडून दिली होती, तसं सगळंच ते अर्धवट सोडायचे. वर्ष जुनं आहे, त्यामुळे छापलेले वार खोडून लिहावे लागतात.

१४ मे, सोमवार

पोचले. शाळेचं वसतिगृह आहे. मुलं सुट्टीवर गेलीत, मुलांचा वास मात्र इथेच मुक्कामाला आहे. गादीला मधोमध खड्डा. न्हाणीघराच्या जाळीत कोणाच्या तरी केसांचा ओला पुंजका. तो बघितला आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

गळ्यात अडकवायला कार्ड दिलं. त्यावर नाव लिहायचं नाही म्हणे, आज मन कसं आहे त्याचं चित्र काढायचं. पन्नाशी उलटलेली माणसं स्केचपेन घेऊन सूर्य काढत बसली होती. मी कोरंच ठेवलं, तर एका पोरीने लाडात येऊन माझ्या कार्डावर फूल काढून दिलं. आता आठवडाभर मी फूल.

शिकवणारा मुख्य माणूस सतत हसतो. घराला आग लागलीय म्हटलं तरी हसेल. मी त्याचं नाव हसरेबुवा ठेवलंय.

खोलीत सोबतीला एक निवृत्त नर्स आहेत. इस्पितळाच्या छोट्या चॅपलमध्ये पेटी वाजवतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. पलंगावर बसून चाकूने फळं कापून खातात, सालं चादरीवर. मी बघत राहिले, तर म्हणाल्या, "अहो बाई, तुम्हाला कशाकशाची घाण वाटते ते एकदाच सांगा. म्हणजे मी सगळं आजच उरकून टाकते." मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

१५ मे, मंगळवार

आज श्वास घ्यायला शिकवला. एवढी वर्षं मी काय बिनश्वासाची जगले का?

आधी सगळ्यांना जमिनीवर आडवं केलं. फरशीवर वाळू कचकचत होती. मग दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि हसरेबुवा म्हणाले, "शेजाऱ्याच्या पाठीवर हात ठेवा. तो श्वास कधी घेणार, ते तुम्हाला त्याच्या आधी कळलं पाहिजे." माझ्या वाट्याला एक निवृत्त फौजदार आले. भलंमोठं पोट, बोलताना घशात खडे वाजतात. पाठ घामाने ओलीचिंब. शिसारी आली. त्यांचा श्वास कधी येणार ते काही कळलं नाही, हात कधी धुवायला मिळेल एवढंच मी बघत होते.

दुपारच्या सूपमध्ये एक मुंगी होती. वाढणाऱ्या बाईंना दाखवली, तर त्यांनी ती बोटाने काढली आणि सूप तसंच समोर ठेवलं.

१७ मे, गुरुवार

आज जे झालं ते कागदावर काढून टाकते, नाहीतर पित्त होईल.

शाळेच्या मोठ्या सभागृहात ऑर्गन आहे, चांगला आहे. एकेकाने वाजवायचं आणि बाकीच्यांनी क्वायर होऊन गायचं, असं ठरलं. माझी पाळी आली. मी माझे बूट घातले. ऑर्गनवर बसायला मऊ तळव्यांचे बूट लागतात. हे माझे ह्यांनीच आणलेले, तळवे बदलूनही त्यांनीच आणायचे. वाजवायला घेतलं ते संध्याकाळचं गीत, जे आमच्याकडे दर रविवारी असतं. हात नेहमीसारखे, पाय नेहमीसारखे. खिडक्यांच्या काचा थरथरल्या तेव्हा मला आठवड्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

दुसऱ्या कडव्याला हसरेबुवांनी हात वर केला. मला नाही थांबवलं, खर्जातल्या पुरुषांकडे गेले आणि विचारलं, "तुम्ही का थांबलात?" पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "आमचं बाईच गातायत ना." सगळे हसले. हसरेबुवा माझ्याजवळ येऊन वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, पायांनी एवढं कोणासाठी वाजवता?"

मी म्हटलं, "ज्यांना गाता येत नाही त्यांच्यासाठी." यावरही हसले. पण जरा वेगळं हसले, मला आवडलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत. पुरुषांना आवाज काढता येत नाही आणि दोष माझ्या पायांना. खोलीत आल्यावर सिस्टरना सांगितलं. त्या पायाला तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे खर्ज कोण गायचं?" मी म्हटलं, "हे गायचे." म्हणाल्या, "छान गायचे?"

खरं सांगायचं तर आवाज छान होता, शिस्त शून्य. माझ्या डाव्या खांद्यामागे उभे राहायचे, सगळा क्वायर त्यांना दादा म्हणायचा. त्या संध्याकाळच्या गीतात 'सांभाळ' असा शब्द आहे. हे नेमका त्याच्या मधोमध श्वास घ्यायचे. 'सां' म्हणायचे, श्वास घ्यायचे, आणि मग 'भाळ'. दर रविवारी घरी जाताना आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायची, देवाला अर्धी हाक मारून थांबता, तोवर तो पुढच्या घरी जातो. हे म्हणायचे, माझा दम तिथेच संपतो, त्याला मी काय करू. शेवटी मीच तिथे किंचित रेंगाळायला लागले, म्हणजे लोकांना कळू नये.

सिस्टरना हे एवढं सगळं सांगायची काही गरज नव्हती.

१८ मे, शुक्रवार

दुष्काळात तेरावा महिना. समारोपाच्या उपासनेसाठी गट पाडले, चिठ्ठ्या काढल्या. मला मिळाला जेवणघरातला पियानो. सभागृहातला ऑर्गन गेला एका पोरसवदा मुलीला. पियानोला पायपट्ट्या नाहीत, नुसते हात. वर झाकणावर सॉसच्या बाटलीचं वर्तुळ, आत कुठेतरी मेलेली पाल असावी असा वास. आणि गटात खर्जाला एकटे फौजदार.

मी हसरेबुवांना म्हटलं, "पायांशिवाय मी वाजवत नाही." ते म्हणाले, "खर्ज आहे की तुमच्याकडे." आणि फौजदारांकडे बोट दाखवलं. फौजदार शर्टाला नाक पुसत होते.

१९ मे, शनिवार

फौजदार उशिरा येतात. प्रॅक्टिसला नाही हो, तिथे वेळेआधी हजर असतात. सुरावर उशिरा येतात. सगळे पुढे गेले की हे मागून, म्हाताऱ्या बैलासारखे. पायांत माझ्या सारखी वळवळ होत होती, खाली दाबायला काही नाही. दोन हातांच्या खाली मोठं भगदाड आहे आणि मी त्याच्या काठावर बसलेय असं वाटत होतं. त्या भगदाडात जे काही होतं ते हे फौजदारच.

मी चिडून म्हटलं, "साहेब, तोंड उघडा जरा. आवाज आत ठेवून काय तुरुंगात टाकताय का त्याला?" त्यांनी मान खाली घातली. एवढा आडवातिडवा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. म्हणाले, "ताई, सवय गेलीय. आमच्या चर्चमध्ये ऑर्गनवर एक बाई आहे. ती खर्ज पायांनी असा काही बडवते, की मी नुसता ओठ हलवतो. कितीतरी वर्षं ओठच हलवतोय. काल इथे माझा आवाज मला ऐकू आला, तर मीच दचकलो."

मला त्या बाईचा इतका राग आला. काय ही हौस. देवाच्या घरात बसून लोकांच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, आणि वर स्वतःला कलाकार समजायचं. मी फौजदारांना तसं सांगितलंसुद्धा, म्हटलं, तुम्ही तिला तोंडावर बोललं पाहिजे होतं. ते म्हणाले, "कसं बोलणार. तिचा नवरा गेलाय."

खोलीत आल्यावर सिस्टरना सांगितलं, "असते एकेक बाई." सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो ना. असते खरी." आणि फळाची फोड माझ्यापुढे केली. का कोण जाणे, मी ती खाल्ली.

२१ मे, सोमवार

काल आणि आज नुसती प्रॅक्टिस. फौजदार अजून उशिराच येतात, पण आता मला कधी येणार ते आधीच कळतं. घशात ते खडे वाजतात ना, त्याच्या आधी खांदा जरा वर जातो. तो खांदा वर गेला की मी हात रोखते, मग ते येतात. हसरेबुवा दारात उभे होते. म्हणाले, "वा." मी म्हटलं, "वा काय, ते माझ्यासाठी थांबत नाहीत, म्हणून मला त्यांच्यासाठी थांबावं लागतं." परत हसले. या माणसाचे गाल दुखत कसे नाहीत?

जेवणघरातला तो मेल्या पालीचा वास आता येत नाही. बहुतेक माझं नाक मेलं.

२२ मे, मंगळवार

समारोप झाला. आमचा गट बरा झाला. फौजदार एका जागी घसरले, पण परत वर आले. उपासना संपल्यावर ते माझ्याकडे आले, आभार मानायचे होते, पण नुसता हात पुढे केला. ओला होता. मी धरला.

मुलीचा फोन आला. म्हणाली, "मग आई, आलं का नवचैतन्य?" म्हटलं, "नाही. सर्दी आली." ती म्हणाली, "कोणाशी भांडली नाहीस ना?" म्हटलं, "एका बाईशी भांडायचं राहून गेलं, ती इथे आली नव्हती." मुलगी म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, उरलेलं भांडण घरी घेऊन ये." मी फोन ठेवून दिला. काही वेळा ही मुलगी उगाच बोलते.

२४ मे, गुरुवार

घरी. घरात बंद खोलीचा वास, फ्रिजमध्ये एक काकडी पाणी होऊन गेलेली. ती हाताने काढावी लागली.

दुपारी टेलरमास्तरच्या दुकानात गेले. क्वायरच्या माझ्या झग्याची शिवण उसवली होती, आणि मनात होतं की त्याला चार शब्द सुनवावेत. पाळकांपुढे उभी राहायच्या आधी खरं काय ते तोंडावर विचारून घ्यावं. दुकानात खडूची धूळ, चिंध्या, त्याच्या तोंडात टाचण्या. किती वेळा सांगितलं असेल, कधीतरी गिळाल. मी म्हटलं, "मास्तर, क्वायर का सोडलात?"

त्याने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. म्हणाला, "बाई, जागा नव्हती."

"जागा नव्हती? अख्खी रांग मोकळी पडलीय."

"रांगेत नाही म्हणत मी," तो म्हणाला. मग झगा उलटा करून शिवण बघायला लागला. "दादा गेल्यावर मला वाटलं, आता आपण जरा मोठ्याने गावं. त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो, तर त्यांची ओळ पडू देऊ नये. पण तुम्ही ती पडूच दिली नाहीत." एवढं बोलून त्याने मशीन सुरू केलं.

म्हणे जागा नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी घरी येईपर्यंत रस्त्यात त्याला उत्तरं देत होते. एक चांगलं उत्तर सुचलं होतं, तेच लिहायला बसले. ते असं, की ज्याला गायचं आहे तो ऑर्गन कितीही वाजला तरी

फौजदार म्हणाले होते, तिचा नवरा गेलाय.

आज आणखी लिहीत नाही.

२५ मे, शुक्रवार

स्वतःची किळस येणं हा प्रकार मला नवा आहे. दुसऱ्यांची यायची तेव्हा निदान हात धुता यायचे.

सकाळी चर्चमध्ये जाऊन एकटीच बसले. जाड आवाजाचा खटका ओढला आणि नुसत्या पायांनी संध्याकाळच्या गीताचा खर्ज वाजवून पाहिला. सगळा बरोबर आला, एकही सूर चुकला नाही. सांभाळ हा शब्दही अख्खा, कुठे श्वास नाही. ह्यांच्यासारखं ते जराही नव्हतं. दोन वर्षं मी कोणाला ऐकत होते कोण जाणे.

२७ मे, रविवार

संध्याकाळची उपासना. पाळक दारातच होते. म्हणाले, "बाई, उपासना झाली की बसू, बोलायचं आहे." चहाची किटली मागे टेबलावर तयार ठेवलेली मला दिसली.

बूट घातले. मंडळी नेहमीसारखी, खोकणारी, कुजबुजणारी, कोणाच्या तरी डोक्याला उग्र वासाचं तेल. क्वायरमध्ये बायका आणि वरच्या पट्टीतले दोन म्हातारे. टेलरमास्तर मागच्या बाकावर, तोंड मिटून.

संध्याकाळच्या गीताचं पहिलं कडवं मी नेहमीसारखं वाजवलं. मला धीर झाला नाही, खोटं कशाला लिहू. दुसऱ्या कडव्याच्या आधी खटका आत ढकलला आणि दोन्ही पाय बाकाच्या आडव्या दांडीवर ठेवून दिले. नुसते हात. जेवणघरातलं ते भगदाड इथेही उघडलं, इथलं तर कितीतरी मोठं होतं. बायका घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या, त्यांना वाटलं ऑर्गन बिघडला. खाली काहीच नव्हतं. पहिली ओळ तशीच गेली. दुसरी ओळ तशीच गेली. माझा डावा पाय दांडीवरून सुटायला लागला होता. म्हटलं, पुरे झाली ही हसरेबुवांची थेरं, लोक हसतील.

तेवढ्यात मागून आवाज आला. आधी घोगरा, बसलेला, कोणीतरी जुनं कपाट ओढावं तसा. बेसूरही होता, ओळीची सुरुवात तर पार खाली पडली. आरशात पाहिलं. ऑर्गनवर आमची पाठ लोकांकडे असते, म्हणून समोर आरसा असतो. टेलरमास्तर उभा राहिला होता, पुस्तक न उघडता. ओळ त्याला पाठ होती.

आणि सांभाळ आलं. त्याने 'सां' म्हटलं आणि आरशात त्याचा खांदा वर गेला.

माझे हात थांबले. मी थांबवले नाहीत, ते आपोआप थांबले, त्यांना तिथे किती थांबायचं ते माझ्याआधीपासून माहीत होतं. मास्तरने श्वास घेतला. सगळ्या चर्चमध्ये तेवढा एक श्वास ऐकू आला. मग 'भाळ' म्हणाला आणि आम्ही पुढे गेलो. हाताखालच्या पट्ट्या मला दिसत नव्हत्या, पण हात चुकले नाहीत. तिसऱ्या कडव्याला पाळकसुद्धा गायला लागले. त्यांच्या आवाजाबद्दल न लिहिलेलं बरं.

उपासना संपल्यावर पाळक कप घेऊन आले. काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, ते विसरलेले दिसले. म्हणाले, "बाई, मशीनचं राहू द्या सध्या." मी चहा घेतला नाही, सर्दीवर दूध चालत नाही.

टेलरमास्तर बाहेर पडत होता, त्याला पायरीवर गाठलं. म्हटलं, "मास्तर, सांभाळ हा एक शब्द आहे. त्याच्या मधे श्वास घेत नसतात."

तो ओशाळला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "दादा तिथेच घ्यायचे, बाई. मी त्यांचं ऐकूनच शिकलो. तिथे नाही घेतला, तर मला पुढचं येतच नाही."

"मग घ्या," मी म्हटलं. "मी थांबते."